घंटा देणारे मामा

गेल्या दिवाळीत या पानावर मी माझ्या गणिताच्या मास्तरांविषयी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. बहुतेक गोड होती. एक मात्र जरा तिखट होते. एका वाचकभगिनीने लिहिले होते, "दर वर्षी कोणी ना कोणी आपल्या मास्तरांविषयी लिहिते. शाळेत मास्तरांखेरीज दुसरे कोणी नसतेच काय? माझे वडील एका शाळेत शिपाई होते. कळावे." पत्र एवढेच.

मी ते टेबलाच्या खणात टाकले. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचे नसले की माणूस ते खणात टाकतो. पण दोन दिवसांनी मीच ते पुन्हा बाहेर काढले. कारण एका शिपायाचे मी देणे लागतो. देणे म्हणजे उपकार, ऋण वगैरे मोठ्या शब्दांतले नव्हे. रोख सात रुपये.

माझी शाळा कडेगावची. आज कडेगाव हा सांगली जिल्ह्यातला स्वतंत्र तालुका आहे. माझ्या लहानपणी ते खानापूर तालुक्यातले एक गाव होते, आणि कसलाही दाखला हवा असला की कचेरीसाठी विट्याला जावे लागे. कऱ्हाडहून विट्याकडे जाणारी एस. टी. गावातून जाई. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ. ज्वारी-बाजरीच्या जिवावर घरे चालत. गावाची कीर्ती मोहरमच्या ताबुतांची. आकाशाला भिडतील असे उंच ताबूत, हिंदूंचे आणि मुसलमानांचे, दोघांच्या खांद्यांवर निघतात आणि एकमेकांना भेटतात. ते बघायला लांबलांबून माणसे येतात.

आमची शाळा मात्र बघायला यावे अशी नव्हती. कौलारू, सहा खोल्यांची, पुढे पडवी, पडवीसमोर एक निंब, आणि निंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. तीच आमची घंटा. ती देणारे ते मामा.

त्यांना सगळेच मामा म्हणत. हेडमास्तरही मामा म्हणत आणि बालवर्गात भावंडाला पोचवायला आलेली पोरही मामाच म्हणे. वय तिशीच्या थोडे पुढे, अंगात खाकी सदरा, खाली धोतर, डोक्यावर टोपी. ती टोपी आम्हां पोरांच्या फार उपयोगाची होती. हेडमास्तरांकडून नोटिशीची वही घेऊन मामा वर्गावर्गांतून निघाले की आम्ही आधी टोपीकडे बघायचो. टोपी मागे सरकलेली असली की उद्या सुट्टी. पुढे ओढलेली असली की फीची आठवण, नाहीतर इन्स्पेक्टर येणार. मामा हे मुद्दाम करत की त्यांच्या नकळत होत असे, ते मला कधीच कळले नाही. पण टोपी एकदाही चुकली नाही.

सकाळी आम्ही शाळेत पोचायच्या आधी खोल्या झाडून, पाणी शिंपडून, विहिरीचे पाणी शेंदून माठ भरलेले असत. शाईची पूड कालवून दौती भरलेल्या असत. ग्रामोद्योगाच्या तासाला टकळीचे सूत तुटले तर ते जोडून द्यायला मास्तरांऐवजी आम्ही मामांकडे पळायचो. गाठी मारण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. मोहरमच्या दिवसांत ते चार-सहा दिवस शाळेतून गायब होत आणि ताबुताच्या बांबूंवर चढलेले दिसत. कडेगावचे ताबूत आधी कळस आणि मग पाया, असे वरून खाली बांधत आणतात. त्या दिवसांत घंटा एखादा मोठा मुलगा देई, आणि ती इतकी केविलवाणी वाजे की बायाबापड्या विचारत, "आज मामा न्हाईत व्हय रं शाळंत?"

हे सगळे शिपायाच्या कामात मोडते असे म्हणता येईल. पण मामांनी आणखी एक काम आपल्या अंगावर घेतले होते, ते कुठल्याही नियमात नव्हते.

१९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फीमाफी मिळू लागली. ई. बी. सी. ची सवलत म्हणतात ती. यशवंतरावांचे जन्मगाव देवराष्ट्रे आमच्याच भागातले, त्यामुळे आमच्याकडे ही सवलत घरची असल्यासारखी वाटे. आमच्या वेळी वर्षाचे उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असले की फी माफ. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी बाराशे रुपये कोणी एका जागी पाहिलेले नव्हते. पण उत्पन्न नाही हेसुद्धा कागदावर सिद्ध करावे लागते. त्याला अर्ज, तलाठ्याचा दाखला, सही, शिक्का. वाडीवस्तीवरचा बाप कागदाला भितो. तो मुलाला म्हणतो, "त्यापरीस शाळाच सोड."

हा "शाळाच सोड" मामांना अगोदर ऐकू येई. कुठल्या पोराचा अर्ज राहिला, कुणाच्या बापाने अंगठा उठवायचा आहे, कुणाचा दाखला तलाठ्याकडे पडून आहे, हे सगळे त्यांच्या डोक्यात असे. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण ते अर्ज त्यांनी इतक्या वेळा हाताळले होते की न वाचता सांगत, "हितं सही ऱ्हायली." दुपारच्या सुट्टीत वाडीवर जाऊन बापाला गाठत, आणि शनिवारी शाळा सुटली की कागदांचे भेंडोळे काखोटीला मारून विट्याची एस. टी. पकडत. जाण्यायेण्याचे भाडे कोण देई, हे आम्ही कधी विचारले नाही. मुलांना असले प्रश्न पडत नाहीत.

माझी फी अशीच माफ झाली. पण अकरावीला एस. एस. सी. च्या परीक्षेचा फॉर्म आला, त्याचे पैसे भरावे लागत. त्यात सात रुपये कमी पडले. शेवटच्या दिवशी मी निंबाखाली तोंड पाडून बसलो होतो.

मामा आले. "काय रं, सुतक्यावाणी का बसलायस?"

मी सांगितले.

"मग रडतुस कशाला ल्येका? सात रुपयांवाचून मॅट्रिक आडती व्हय? सुगी झाली की दे."

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पैसे काढले. चुरगळलेल्या नोटा आणि वर काही नाणी. मी मोजले नाहीत, त्यांनीही पुन्हा मोजले नाहीत. नंतर त्यांच्या पगाराचा आकडा मला कळला, तेव्हा सात रुपये म्हणजे त्यांच्या घरात किती दिवसांची भाकरी होती याचा हिशेब मी केला. त्या वेळी मला फक्त फॉर्म भरला याचा आनंद होता.

त्याच हिवाळ्यात कोयनेचा भूकंप झाला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आमच्या भागातली माझ्या वयाची माणसे ती तारीख अजून विसरलेली नाहीत. अकरावीची आम्ही सोळा-सतरा मुले दिवाळीनंतर रात्री शाळेतच अभ्यासाला जायचो आणि तिथेच घोंगड्या टाकून झोपायचो. मामा पडवीत झोपत. "पोरं हायत, कंदील हायत, एखांदा लवंडला तर?" असे म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतले होते.

पहाटे सव्वाचार होऊन गेले असतील. आधी एक घरघर आली, जणू डोंगरापलीकडून मालगाडी येते आहे. मग खालची जमीन हलली आणि वरची कौले खडखडू लागली. मी जागा झालो तो मामांच्या आरोळीने. त्यांनी दारे सताड उघडली होती आणि एकेकाला दंडाला धरून अंगणात फेकत होते. फेकत होते हाच शब्द खरा. अंगणात आल्यावर त्यांनी आम्हांला मोजले. एक मुलगा कमी भरला. पुन्हा मोजले. पुन्हा कमी. कौले पडतच होती. मामा आत शिरले. तो मुलगा केव्हाच पळून विहिरीच्या काठाशी जाऊन उभा होता. ते कळून त्याला हाका मारून आणेपर्यंत मामा कपाळाला खोक घेऊन बाहेर आले. त्याला बघताच त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच मटकन खाली बसले.

क्षणभरच बसले. मग उठले आणि रक्त पुसत निंबाकडे गेले. लोखंडी दांडा हातात घेऊन त्यांनी त्या काळोखात घंटा द्यायला सुरुवात केली. आम्हांला वाटले, डोक्याला मार लागून मामांना भ्रम झाला. पण ते म्हणाले, "आरं, समद्यांच्या आया आत्ता उर बडवीत असतील. घंटा ऐकू गेली म्हंजी शाळा हुभी हाय, पोरं हुभी हायत."

माझी आई पुढे कितीतरी वर्षे सांगे, की घर सोडून सगळे रस्त्यावर आले होते, कोणी काही बोलत नव्हते, आणि तेवढ्यात शाळेची घंटा आली. तिकडे कोयनानगर त्या पहाटे जमीनदोस्त झाले, दीडशेहून जास्त माणसे दगावली. आमच्याकडे त्या मानाने भिंतींना तडे गेले, कौले फुटली. सकाळी मामा कपाळाला हळद भरून, फडके बांधून, फुटकी कौले वेचत होते. त्या दिवशी टोपी नव्हती. पट्टीवर बसेना.

सुगी झाली. वडिलांनी माझ्या हातावर सात रुपये ठेवले आणि म्हणाले, "मामाला दे." मार्चमध्ये परीक्षेचे पेपर संपले. आम्ही चौघे मित्र कऱ्हाडला गेलो. सिनेमा पाहिला, हॉटेलात भजी खाल्ली, चहा प्यालो, आणि गावी परत आलो तेव्हा त्या सात रुपयांतले काही उरले नव्हते. मामा भेटले. "प्येपर कसं ग्येलं?" एवढेच विचारले. मी मनात म्हटले, निकाल लागल्यावर देऊ. निकालानंतर म्हटले, कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली की देऊ. त्यांनी एकदाही विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते, असे मला आज वाटते.

जूनमध्ये मी कऱ्हाडला कॉलेजात गेलो. पावसाळ्यात मामांना कावीळ झाली. आमच्याकडे काविळीला डॉक्टर दाखवायची तेव्हा पद्धत नव्हती. पाल्याचा रस, नाकात थेंब, गळ्यात माळ. ते पंधरा दिवस तसेच घंटा देत राहिले. मग अंथरुणाला खिळले, आणि भाद्रपदात गेले. वय चौतीस.

निरोप मिळाल्यावर मी एस. टी. ने गावी आलो. शाळेत शोकसभा होती. घंटा द्यायला कोणी पुढे होईना, म्हणून हेडमास्तरांनी स्वतः दांडा उचलला. त्यांचे टोल वेडेवाकडे पडले. पहिल्या रांगेतली लहान मुले हसली आणि मग एकाएकी रडू लागली.

हेडमास्तर बोलायला उभे राहिले. त्यांनी कागदावरून आधी मामांचे संपूर्ण नाव वाचले. त्यांचे, वडिलांचे, आडनाव. शपथेवर सांगतो, क्षणभर मला वाटले की ते दुसऱ्याच कुणाविषयी बोलताहेत. सहा वर्षे मी त्या माणसाच्या हातचे पाणी प्यालो, त्याच्या पैशांवर परीक्षेला बसलो, त्याने मला दंडाला धरून पडत्या छपराखालून बाहेर काढले, आणि मला त्याचे नाव माहीत नव्हते. बाजूच्या मुलाकडे मी पाहिले. त्यालाही माहीत नव्हते.

हेडमास्तर सातारच्या बोर्डिंगात वाढलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांचे विद्यार्थी. त्या दिवशी ते मामांविषयी दोनचार वाक्येच बोलले आणि मग एकदम म्हणाले, "मुलांनो, आमच्या बोर्डिंगातही असे एक माणूस होते. आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू."

मग त्यांनी लक्ष्मीबाईंची हकीकत सांगितली. भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती सातारला आणली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. लक्ष्मीबाई कुंभोजच्या पाटलांच्या घरातल्या, खात्यापित्या जैन घरच्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांनी ते सोवळे बाजूला ठेवले आणि जातपात न बघता त्या मुलांची आई झाल्या. भाऊराव धान्य आणि पैसा गोळा करत गावोगाव हिंडत; इकडे चूल पेटती ठेवायची ती लक्ष्मीबाईंनी. माहेरहून आलेले सोने एकेक करून त्या चुलीत गेले. शेवटी एकदा घरात दाणा नव्हता, भाऊराव बाहेरगावी होते, तेव्हा गळ्यातले मंगळसूत्रही उतरले आणि मुले जेवली.

"आम्ही जेवलो," हेडमास्तर म्हणाले, "आणि भाकरी कुठून आली हे विचारले नाही. विचारायचे वय नव्हते. पुढे वय आले, तेव्हा वहिनी नव्हत्या."

लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. वयाची चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती. महात्मा गांधी १९२७ मध्ये बोर्डिंगला येऊन गेले, तो दिवस त्यांनी पाहिला. पण सातारचे १९३५ चे ट्रेनिंग कॉलेज, १९४० चे सयाजीराव हायस्कूल, १९४७ चे शिवाजी कॉलेज, यांतले काही त्यांच्या दृष्टीस पडले नाही. भाऊराव १९५९ पर्यंत होते. पद्मभूषण झाले, पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली, घराघरांत त्यांचे नाव गेले. संस्थेनेही लक्ष्मीबाईंना विसरू दिले नाही. त्यांच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली, मुलींच्या वसतिगृहाला त्यांचे नाव मिळाले, आणि आज त्यांना रयतमाउली म्हणतात. तरीही एक गोष्ट उरतेच. ज्या कामासाठी हे सारे नाव झाले, ते करत असताना त्यांना ना हुद्दा होता ना पगार. त्यांचे काम मस्टरावर मांडता येण्यासारखे नव्हते.

त्या दिवशी हेडमास्तरांनी एक मोठे नाव आणि एक न ऐकलेले नाव शेजारी का ठेवले, ते मला उशिरा समजले. आम्हांला वाटत होते की शाळा म्हणजे मास्तर, फळा आणि पुस्तक. पण फळ्यापर्यंत पोचण्याआधी मुलगा जेवलेला असावा लागतो, त्याचा अर्ज भरलेला असावा लागतो, तो जिवंत असावा लागतो. हे काम करणारे माणूस वर्गात कधी येत नाही. ते दारापर्यंत येते, वही पुढे करते आणि परत जाते. भाऊरावांची शाळा लक्ष्मीबाईंच्या चुलीवर उभी होती. आमची मामांच्या त्या शनिवारच्या एस. टी. वर.

सभा संपल्यावर मी हेडमास्तरांकडे गेलो आणि सात रुपयांचे सांगितले. सिनेमाचेही सांगितले. वाटले, रागावतील. ते फक्त म्हणाले, "तुझ्याआधी तिघे येऊन गेले." मग चष्मा पुसत म्हणाले, "पहिला पगार झाला की त्यांच्या घरी नेऊन दे. आत्ता बापाकडून मागून आणू नकोस."

माझा पहिला पगार व्हायला पाच वर्षे लागली. मधे १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. मी एका पाकिटात पैसे घालून मामांच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, की दुष्काळात त्यांची बायको पोरांना घेऊन आधी माहेरी गेली आणि तिथून भावाबरोबर मुंबईकडे. मुंबईत कुठे, ते तिला सांगता येईना. मी काही वर्षे विचारपूस केली, पुढे सोडून दिली. आणखी नेटाने शोधले असते तर सापडले असते. हे मी आज लिहू शकतो. इतकी वर्षे स्वतःशीही कबूल केले नव्हते.

मामांचे नाव मी इथे लिहिलेले नाही. घरच्यांना विचारल्यावाचून ते छापणे मला बरे वाटत नाही. माझ्या वहीत मात्र ते पूर्ण लिहून ठेवले आहे. त्यांचे, वडिलांचे, आडनाव. शाळा आता पक्क्या इमारतीत आहे आणि घंटा विजेची आहे. गेल्या खेपेला गेलो होतो तेव्हा ती बरोबर वेळेवर वाजली.

वाचकभगिनीला मी पत्र टाकले आहे. त्यात तिच्या वडिलांचे नाव विचारले आहे, आणि ते कुठल्या शाळेत होते तेही.

हे लिहीत असताना नातू शेजारी येऊन बसला. पुण्याच्या मोठ्या शाळेत सहावीला आहे. सगळ्या शिक्षकांची नावे त्याला आद्याक्षरांसकट पाठ. मी विचारले, "तुमच्या शाळेत घंटा झाली की दार उघडतात, तुला रस्ता ओलांडून देतात, त्यांचे नाव काय रे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आजोबा, ते मामा आहेत."

शाळा आता दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडेल. त्याला सांगितले आहे, पहिल्या दिवशी पहिले काम ते.